वाचनालयाच्या वेबसाइटचं होमपेज, आणि ओपन सोर्सवाल्यांचं नाव कुठे द्यायचं?

ग्रंथपाल_तालुका
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाची (ब वर्ग) वेबसाइट बनवतोय. बजेट जवळपास नाहीच, डोमेन आणि होस्टिंगचे पैसे एका सभासदाने भरलेत. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), पुस्तकांची यादी कोहामध्ये (वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर), अक्षरं मुक्ता फॉन्टची, पत्ता दाखवायला लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारा कोड) वापरून ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, नकाशा, आणि वरचा जुन्या वाड्याचा फोटो विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फोटोंच्या साठ्यातून घेतलाय. म्हणजे जे काही दिसतं ते सगळं कुणीतरी बनवून लोकांसाठी मोकळं सोडलेलं आहे.
आता कार्यकारिणीत वाद असा की पानाच्या तळाशी, फूटरमध्ये, येणारं 'पॉवर्ड बाय अमुक' वगैरे काढा, फुकटचं वापरलंय असं दिसतं, आणि वर मोठा स्लायडर (आपोआप सरकणारी चित्रं) टाका, त्यात पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग अध्यक्षांचं मनोगत. मला मनापासून वाटतं की ज्यांच्या जिवावर साइट उभी राहिली त्यांचं नाव पहिल्या पानावर पाहिजे. तर नियमाने कुणाचं नाव द्यावंच लागतं आणि कुणाचं आपल्या मर्जीवर? आणि होमपेजवर नेमकं काय ठेवू?

कोडकरी
लायसन्सप्रमाणे, म्हणजे वापराच्या परवान्याप्रमाणे बघू, कारण प्रत्येकाची अट वेगळी आहे.
वर्डप्रेस आणि कोहा दोन्ही जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सवाले. पानावर नाव झळकवायची सक्ती जीपीएल करत नाही, कोडमधल्या कॉपीराइटच्या ओळी मात्र पुसायच्या नाहीत. त्यामुळे फूटरमधली ओळ काढली तर चालतं. थीम (साइटच्या दिसण्याचा साचा) नवीन पद्धतीची असेल तर अपिअरन्समध्ये एडिटर उघडा, फूटरचा भाग वेगळा मिळतो, तिथे हवं ते लिहा. कोहाच्या सेटिंगमध्येही 'पॉवर्ड बाय कोहा' दाखवायचं की नाही ते ठरवता येतं.
मुक्ता मुंबईच्या एक टाइपने केलेला फॉन्ट आहे, लायसन्स ओएफएल (फॉन्टसाठीचं मोकळं लायसन्स). पानावर नाव सक्तीचं नाही, पण फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली असेल तर लायसन्सची टेक्स्ट फाइल त्याच फोल्डरमध्ये राहू द्या.
नकाशाच्या बाबतीत मात्र सूट नाही. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स असं कॉपीराइटच्या खुणेसकट आणि लिंकसकट दिसलंच पाहिजे, दुसऱ्या पानावर ढकलायचं नाही. शेजारी लीफलेटचं नाव येतं ते काढता येतं, पण लोक ते काढायला जातात आणि पूर्ण पट्टीच सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने) लपवतात, तसं नका करू.
फोटो सीसी बाय-एसए (नाव देऊन आणि त्याच अटीवर वापरायचं लायसन्स) चा असणार बहुतेक, कॉमन्सवर त्या फोटोच्या पानावर बघून घ्या. असेल तर फोटोग्राफरचं नाव, लायसन्सचं नाव, दोन्हीच्या लिंका, आणि बॅनरसाठी कापला असेल तर 'कापलेला' असंही लिहावं लागतं. हे फोटोच्या खालीच बारीक अक्षरात लिहा.

मेघना_यूएक्स
मी होमपेजबद्दल बोलते. स्लायडर नको, खरंच नको. वाचनालयाच्या साइटवर माणूस येतो तो आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, आणि अमुक पुस्तक आहे का एवढंच बघायला, आणि येतो मोबाइलवरून. पहिल्या स्क्रीनवर वाचनालयाचं नाव, आजची वेळ, फोन नंबर आणि कोहाची शोधपेटी, झालं. शोधपेटी थेट कोहाच्या यादीत शोधणारी ठेवा, 'इथे क्लिक करा' करून दुसऱ्या पानावर पाठवू नका. त्याखाली नवीन आलेली पुस्तकं, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, नाव आणि लेखक पुरे. मग सभासदत्वाची वर्गणी आणि अनामत, कारण फोनवर रोज तेच विचारत असतील लोक. पदाधिकारी आणि मनोगत 'आमच्याविषयी' मध्ये.
फॉन्टचे सगळे वजन (जाड-बारीक प्रकार) लोड करू नका, रेग्युलर आणि बोल्ड बास. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची चित्रं खूप, फाइल जड होते, नेटवर्क कमी असलेल्या वाडीत पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो.
आणि थीम कुठून घेतलीत? वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतून असेल तर ठीक. इकडच्या तिकडच्या साइटवरून उतरवलेल्या थीमच्या फूटरमध्ये भलत्याच जुगाराच्या लिंका लपवलेल्या असतात, ते एकदा तपासा.

जुना_युनिक्सवाला
पहिल्या पानावर सगळ्यांची नावं द्यायचा प्रयोग आधी होऊन गेलाय. बीएसडी (युनिक्सचा एक प्रकार) च्या जुन्या लायसन्समध्ये अट होती की सॉफ्टवेअरची जाहिरात केली तर त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा उल्लेख पाहिजे. मग बाकीच्यांनी तेच वाक्य उचलून त्यात आपापलं नाव घातलं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनने १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्यं मोजली होती. शेवटी १९९९ मध्ये विद्यापीठाने ती अटच काढून टाकली. म्हणून सांगतो, फूटरमध्ये एकच ओळ आणि तिथून 'श्रेय' नावाच्या वेगळ्या पानाची लिंक. त्या पानावर मात्र हात आखडता घेऊ नका, प्रत्येकाचं नाव, लायसन्स, कुठून घेतलं आणि आपण ते कशासाठी वापरतो हे एकेका वाक्यात लिहा. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या वाचनालयांसाठी बनलं आणि २००० मध्ये तिथे सुरू झालं, हे तुमच्या वाचकांनाही कळू द्या की.

सदाशिव_पेठ_नाही
वरच्यांशी सहमत पण अध्यक्षांना काय सांगायचं ते मी सांगतो. आपल्याकडे देवळाला पंखा दिला तरी पात्यावर देणाऱ्याचं नाव असतं, आणि इथे आख्खं सॉफ्टवेअर देणाऱ्याचं नाव लिहायला कमीपणा कसला? वाचनालयात देणगीदारांचा फलक असेलच, त्याच मानाने हेही. आणि वर्डप्रेसचा मराठी अनुवाद आपल्याच लोकांनी स्वयंसेवक म्हणून केलाय, डॅशबोर्ड मराठीत दिसतो तो त्यांच्यामुळे, श्रेयाच्या पानावर त्यांना विसरू नका.
शिवाय नाव देण्यापलीकडे परतफेडही करता येते. ओपनस्ट्रीटमॅपवर तुमचं वाचनालय आहे का बघा, नसेल तर टाका. इमारतीचे स्वतः काढलेले फोटो कॉमन्सवर द्या.

ग्रंथपाल_तालुका
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. फूटरची ओळ अशी केलीय: 'ही साइट वर्डप्रेस, कोहा, मुक्ता आणि ओपनस्ट्रीटमॅप यांच्यामुळे उभी आहे. सविस्तर श्रेय इथे वाचा.' स्लायडर काढला, शोधपेटी वर आणली. फोटो सीसी बाय-एसए ४.० निघाला, खाली नाव टाकलं. पंख्याचा मुद्दा रविवारच्या सभेत मांडतो. नकाशावर वाचनालय खरंच नव्हतं, आत्ता टाकलं, पण वेळ सकाळ-संध्याकाळ अशी दोन भागांत आहे ती कशी भरू?

कोडकरी
वार इंग्रजी दोन अक्षरी, वेळ चोवीस ताशी, आणि दोन वेळांच्या मध्ये स्वल्पविराम. साप्ताहिक सुट्टीचा वार गाळला तरी चालतं. श्रेयाचं पान झालं की लिंक टाका इथे, लायसन्सची नावं एकदा नजरेखालून घालतो.