खोडल्यावर शाई फिकी पडते

रेघोट्या: नवे पिगमेंट लायनर (रंगकणांच्या शाईची बारीक टोकाची पेनं) आणलेत, ०.१ ते ०.८ मिमी जाडीचे. रेघ झकास येते, पण खालची पेन्सिल खोडली की काळी रेघ करडी होते. शाई नीट वाळू दिली होती. दोष पेनाचा की खोडरबराचा?

बोरू: दोघांचाही नाही. ग्राफाइटवर (पेन्सिलीच्या शिशावर) बसलेली शाई कागदात पुरती मुरत नाही, खोडताना त्याच्याबरोबर निघून येते. शाई लावण्याआधीच पेन्सिल मळायच्या रबराने टिपून घ्या. घासू नका, दाबून उचला. रेघ जेमतेम दिसली तरी पुरे. हे रबर कणकेसारखं मळलं की पुन्हा स्वच्छ. (मला तर चित्रापेक्षा ते मळत बसायलाच जास्त आवडतं.)

ठिपका: एच (कडक शिशाची) पेन्सिल हलक्या हाताने वापरा. दाब दिलात तर चरे पडतात, ते कुठल्याच रबराने जात नाहीत.

रेघोट्या: टिपून पाहिलं, खरंच काळी राहते! आता ब्रश. नव्या गोल ब्रशचे केस काडीसारखे कडक का?

बोरू: टोक मोडू नये म्हणून डिंक लावलेला असतो. कोमट पाण्यात धुवा. मग ओला करून झटका; टोक आपोआप जुळलं तर ब्रश चांगला. वॉटरप्रूफ इंडिया इंक (चित्रकलेची काळी शाई) मात्र फाउंटन पेनात भरू नका, वाळली की पेन तुंबतं.