मदत हवी आहे: राउटरवर वायरगार्ड बसवलं, घरात चालतं, बाहेरून हँडशेकच होत नाही

नमस्कार मंडळी. राहायला ठाण्यात, वाघबीळला. बायको हिशेबाची कामं घेते. तिची टॅली घरच्या पीसीवर आणि आठवड्यातले तीन दिवस ती वाशीला क्लायंटकडे. तिथून घरचा पीसी उघडता यावा, एवढीच मागणी. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकायची छाती नाही, म्हणून जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) टाकून वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित बोगदा) बसवलं. (आधी ओपनव्हीपीएनच्या सर्टिफिकेटांत एक अख्खा शनिवार घालवून झालाय.)

फोन घरच्या वायफायवर असताना एंडपॉइंटला (जिथे जोडायचं तो पत्ता) राउटरचा आतला पत्ता दिला की लगेच जोडतो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलो की हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांना ओळखणं) होतच नाही. वायरगार्ड चुकीच्या किल्लीला उत्तरच देत नाही, त्यामुळे चूक किल्लीत की वाटेत, तेही कळेना. शेवटी राउटरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो. वायरगार्डच्या पोर्टवर, यूडीपी ५१८२० वर, एकही पॅकेट नाही. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलाय, इंटरनेट कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (सगळं तसंच माझ्या राउटरकडे सोडणारा) आहे. वॅनचा (राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १०० पासून सुरू होतो, म्हणजे पब्लिकच (बाहेरून थेट गाठता येणारा) ना? आयपी दाखवणाऱ्या साइटवर मात्र वेगळाच दिसतो.

प्रतिसाद:
१०० च्या पुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये आहे का? असेल तर तो पब्लिक नाही. २०१२ साली हा पट्टा खास सीजीनॅटसाठी राखून ठेवला. सीजीनॅट म्हणजे कंपनीच्या पातळीवरची पत्त्यांची अदलाबदल: एका पब्लिक आयपीमागे बरीच गिऱ्हाइकं बसवलेली असतात. बाहेरून आलेलं पॅकेट कोणाचं, हे कंपनीच्या नॅटला माहीत नसतं, ते तिथेच पडतं. तुमचा राउटर निर्दोष आहे. स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर स्वस्तातला व्हीपीएस (पब्लिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर) भाड्याने घेऊन राउटरलाच तिकडे जोडा आणि राउटरच्या बाजूला कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवायला ठरावीक वेळाने जाणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवा. पण आधी फुकटचं बघा: वॅन६ वर (वॅनच्या आयपीव्ही६ बाजूला) २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, पब्लिक) पत्ता दिसतो का? फायरवॉलचा नियम फक्त आयपीव्ही४ पुरता केला असेल तर दोन्हींसाठी करा. पत्ता बदलत राहील, त्यामुळे डीडीएनएस (बदलता पत्ता एका कायमच्या नावाला जोडणारी सेवा) लागेल.

धागाकर्ता:
पुढचा आकडा ७६. म्हणजे आठवडाभर मी माझ्याच किल्ल्या बदलत बसलो होतो!
आयपीव्ही६ पत्ता निघाला. एंडपॉइंटला तो चौकटी कंसात टाकला आणि मोबाइल डेटावर पहिल्या फटक्यात हँडशेक. पण वाशीच्या क्लायंटच्या वायफायला आयपीव्ही६ नाही, तिथे बायको फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडते. टॅली थोडी अडखळते, पण चालते. स्टॅटिक आयपीसाठी केबलवाल्याला फोन केला तर पहिला प्रश्न, "साहेब, सीसीटीव्ही लावला का?" हो म्हणालो. दर उद्या कळवतो म्हणालाय.