उभ्या टांगलेल्या स्प्रिंगच्या ऊर्जेचा हिशेब जुळत नाही

प्रश्न (बारावी विज्ञान, कोथरूड)

नमस्कार. आमच्या प्रात्यक्षिकात २० न्यूटन प्रति मीटर स्थिरांक असलेल्या स्प्रिंगला २०० ग्रॅमचे वजन टांगल्यावर ते ९.८ सेंटिमीटर खाली येऊन स्थिरावते. तेथून ते आणखी ५ सेंटिमीटर खाली ओढून सोडले, तर पुस्तकातील सूत्राने (स्थिरांक आणि आयामाचा, म्हणजे समतोल स्थानापासूनच्या सर्वाधिक विस्थापनाचा, वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट) एकूण ऊर्जा ०.०२५ ज्यूल येते. परंतु सर्वांत खालच्या बिंदूला स्प्रिंग प्रत्यक्षात १४.८ सेंटिमीटर ताणलेली असते आणि त्या ताणाला हेच सूत्र लावल्यास ०.२१९ ज्यूल मिळतात. सर्वांत वर ताण ४.८ सेंटिमीटरच असल्याने ०.०२३ ज्यूल उरतात. दोन्ही टोकांना गतिज ऊर्जा शून्य असताना हा फरक कोठून येतो?

दुसरे असे की, ज्या क्षणी वेग शून्य असतो त्याच क्षणी त्वरण सर्वाधिक असते, हे सूत्रात दिसते पण मनाला पटत नाही. शिवाय २० दोलनांना १२.५७ सेकंद अपेक्षित असताना ते नेहमी १२.९ च्या आसपास भरतात.

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सदाशिव पेठ)

तुमचे आकडे बरोबर आहेत; हिशेबात फक्त गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेचे खाते उघडायचे राहिले आहे. सर्वांत खालचा बिंदू उंचीचा शून्य माना. तेथे स्प्रिंगचे ०.२१९ ज्यूल एवढीच ऊर्जा आहे. वरच्या टोकाला वजन १० सेंटिमीटर उंच गेलेले असल्याने १.९६ न्यूटन गुणिले ०.१ मीटर, म्हणजे ०.१९६ ज्यूल गुरुत्वाच्या खात्यात जमा होतात आणि स्प्रिंगचे ०.०२३ मिळवले की पुन्हा ०.२१९ होतात. समतोल स्थानी स्प्रिंगचे ०.०९६, गुरुत्वाचे ०.०९८ आणि गतिज ०.०२५ यांची बेरीजही तेवढीच येते. ती स्वतः करून पाहा.

मग पुस्तकातील ०.०२५ कशाचे? विस्थापन समतोल स्थानापासून मोजले की वजनाचे बल आणि स्प्रिंगचा मूळचा ९.८ सेंटिमीटरचा ताण एकमेकांना निरस्त करतात, आणि दोन्ही स्थितिज ऊर्जांची बेरीज एका स्थिर संख्येखेरीज केवळ नव्या विस्थापनाच्या वर्गावर अवलंबून राहते. ०.०२५ ज्यूल ही त्या स्थिर संख्येच्या वरची, दोलनाची ऊर्जा आहे. पाठ्यपुस्तके बहुधा आडवी स्प्रिंग घेऊन सूत्र सिद्ध करतात आणि प्रात्यक्षिकात उभी टांगतात. मधला हा दुवा कोणी सांगितला नाही तर विद्यार्थी अडखळणारच.

उत्तर (यांत्रिकी अभियंता, भोसरी)

त्वरणाविषयी थोडेसे. त्वरण वेग किती आहे यावर नव्हे, तर त्या क्षणी निव्वळ बल किती आहे यावर ठरते. खालच्या टोकाला स्प्रिंग २.९६ न्यूटनने वर ओढते आणि वजन १.९६ न्यूटनने खाली. उरलेले १ न्यूटन ०.२ किलोग्रॅमला वरच्या दिशेने ५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण देते. त्या क्षणी त्वरणही शून्य असते, तर वजन तेथेच लटकून राहिले असते.

आम्हा कारखान्यातील लोकांना हा आकडा फार जपावा लागतो, कारण त्याच आयामाला कमाल त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० हर्ट्झवर कंप पावणाऱ्या भागाचा आयाम जेमतेम ०.१ मिलिमीटर असला, तरी त्याचे त्वरण सुमारे ३९.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चौपट होते. डोळ्याला न दिसणारी थरथर बोल्ट ढिले करते ती यामुळे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग आयाम ५ ऐवजी १२ सेंटिमीटर घेतला तर हीच सूत्रे चालतील का?

उत्तर (निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सदाशिव पेठ)

नाही. आयाम ९.८ सेंटिमीटर झाला की वरच्या टोकाला स्प्रिंगचा ताण संपतो आणि खाली येणारे त्वरण नेमके गुरुत्वत्वरणाएवढे होते. त्यापुढे स्प्रिंगने वजनाला खाली ढकलायला हवे. परंतु प्रयोगशाळेतील घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग दबत नाही, ती ढिली पडते आणि तेवढा वेळ वजन केवळ गुरुत्वाच्या अधीन राहते. ती गती मग सरल हरात्मक, म्हणजे बल सतत विस्थापनाच्या प्रमाणात असलेली, उरत नाही.

याच ९.८ सेंटिमीटरना गुरुत्वत्वरणाने भागून वर्गमूळ घेतले आणि २π ने गुणले की घड्याळाशिवाय आवर्तकाल (एका दोलनाचा वेळ) मिळतो: ०.६२८ सेकंद. गंमत म्हणजे आवर्तकाल गुरुत्वावर अवलंबून नाही. पुण्यात गुरुत्वत्वरण ९.७८ च्या जवळपास असल्याने ताण केसभर कमी भरेल, आवर्तकाल मात्र तोच राहील.

उत्तर (प्रयोगशाळा साहाय्यक, शिवाजीनगर)

१२.९ सेकंदांचा उलगडा बहुधा स्प्रिंगच्या स्वतःच्या वस्तुमानात आहे. सूत्र स्प्रिंगला भारहीन मानते; प्रत्यक्षात तिच्या वस्तुमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग वजनात मिळवावा लागतो. स्प्रिंग ३० ग्रॅमची असेल, तर २०० ऐवजी २१० ग्रॅम धरून २० दोलनांना १२.८८ सेकंद येतात. तिचे वजन करून घ्या. प्रयोगशाळेतील तराजू मोकळा नसेल, तर लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या सराफाचा काटा पुरेल. वेगवेगळी वजने लावून आवर्तकालाच्या वर्गाचा आलेख वस्तुमानासमोर काढलात, तर सरळ रेषा आरंभबिंदूतून न जाता किंचित वरून जाईल, आणि ती मागे वाढवल्यावर वस्तुमानाचा अक्ष जेथे छेदेल त्या ऋण मूल्यावरून स्प्रिंगचा हा एक तृतीयांश वाटा थेट वाचता येईल.