मदत हवी आहे: रॅम वाढवली तरी जुना डेस्कटॉप रखडतोय, आता काय बदलू?

उंबरठा:
डेस्कटॉप चालू केला की स्क्रीन हाताळण्याजोगी व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. ब्राउझरला आणखी दोन. परवा रॅम आणून बसवली, काडीचाही फरक नाही. उरलेल्या पैशात एकच वस्तू येईल. प्रोसेसर घेऊ की ग्राफिक कार्ड? बहिणीचा प्रकल्प अहवाल याच मशीनवर आहे, पुढच्या आठवड्यात द्यायचाय. "नवीनच घ्या" म्हणू नका, ते शक्य नाही. लवकर सांगा प्लीज.

खटपट्या:
प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता, आधी रॅम किती होती, हार्ड डिस्क आहे की एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क)? काहीच लिहिलं नाहीत. सांगायचं कशावरून?

उंबरठा:
आय३ आहे. रॅम दोनची सहा जीबी केली. बाकीचं कुठे बघायचं?

रातकिडा:
आय३ 2010 पासून निघतायत, कितव्या पिढीचा ते कळायला हवं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो32 (msinfo32) टाइप करून एंटर मारा. जे दिसेल ते इथे लिहा.

पेंग्विन:
एवढा खटाटोप कशाला? लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, फुकट आहे. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनवर ते बहुधा नसतंच. मी चार जुनी मशीन्स अशीच चालवतोय.

खटपट्या:
पेंग्विन, अहवाल आठवड्यावर आलाय. दुसऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की तक्ते आणि पानं हलतात. आत्ता हा प्रयोग नको.

पेंग्विन:
पीडीएफ करून घ्या की, पानं हलायचा प्रश्नच नाही.

खटपट्या:
अहवाल अजून लिहून व्हायचा असेल तर पीडीएफचा काय उपयोग?

शेवंती:
मी मागच्या वर्षी मॉनिटर बदलला, डोळे दुखायचे थांबले. बहीण तासन्‌तास बसत असेल तर आधी मॉनिटर बघा. टेबलाची उंचीही बघा.

उंबरठा:
मॉनिटर ठीक आहे हो. प्रोसेसर आय३-2120, बोर्ड एच61. सिस्टिम टाइपसमोर एक्स86 लिहिलंय. कंट्रोल पॅनेलमध्ये रॅम सहा जीबी आणि कंसात 3.24 वापरण्यायोग्य.

रातकिडा:
सापडलं. एक्स86 म्हणजे तुमचं विंडोज 32 बिटचं आहे. ते चार जीबीच्या पलीकडे जात नाही आणि त्यातलाही काही भाग हार्डवेअरसाठी राखून ठेवतं. नव्या रॅमचा बराचसा भाग नुसता पडून आहे. प्रोसेसर 64 बिटचा आहे, पण विंडोज नव्याने टाकावं लागेल, वरच्या वर बदलता येत नाही. मला विचाराल तर बायॉस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून जुना आय५-3470 प्रोसेसर बसवा, बऱ्याच एच61 बोर्डांवर चालतो.

खटपट्या:
थांबा. उंबरठा, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) किती टक्के दाखवतायत? आणि मशीन आवाज करतं का?

उंबरठा:
डिस्क 100, सीपीयू 12. मधूनच टक्... टक् असा आवाज येतो, तेव्हा माउसही अडकतो. आवाज तर वर्षभर येतोय.

खटपट्या:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून सी5 ची ओळ बघा.

उंबरठा:
पिवळा कॉशन दिसतोय. सी5 मध्ये आकडा आहे, शून्य नाही.

खटपट्या:
म्हणजे डिस्कचे काही भाग वाचलेच जात नाहीयेत. आता बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करा आणि आधी अहवाल पेनड्राइव्हवर घ्या. खरेदी नंतर. सीपीयू 12 टक्क्यांवर बसलाय, त्याला आय५ देऊन काय मिळणार? अडीच इंची साटा (हार्ड डिस्कसारखीच केबलने जोडायची) एसएसडी घ्या, 240 जीबीची पुरे. एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी) घेऊ नका, या बोर्डांवर सहसा त्याची जागाच नसते.

रातकिडा:
एच61 चे साटा पोर्ट सेकंदाला तीन गिगाबिटचे. एसएसडीचा निम्मा वेग वाया जाणार.

खटपट्या:
मोठी फाइल कॉपी करतानाच तो फरक दिसेल. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचल्या जातात. हार्ड डिस्कचं वाचणारं हेड एकेका जागी पोचायला दहाएक मिलिसेकंद घेतं, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुष्कळ झाला. एसएसडीवर 64 बिटचं विंडोज टाका म्हणजे परवाची रॅमही कामी येईल.

रातकिडा:
हे मान्य. विंडोज 10 अॅक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याच एडिशनच्या 64 बिटला तेच लायसन्स चालतं.

उंबरठा:
अहवाल निघाला, दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितला, नीट आहे. फोटोंचं फोल्डर मात्र एका फाइलवर अडकलंय. पुन्हा प्रयत्न करू?

खटपट्या:
नाही. स्किप करा. चांगल्या फाइली आधी निघू द्या, अडलेल्यांकडे शेवटी वळा.

उंबरठा:
केलं, पुढे सरकलं. कॅबिनेट उघडून ठेवलंय. पॉवरच्या दोन प्रकारच्या वायरी मोकळ्या आहेत, एसएसडीला कोणती?

खटपट्या:
चार गोल भोकांची नाही. चपटी, आत एलसारखी खाच असलेली. एसएसडी आली की ती घाला, आणि साटाची डेटा केबल आहे का तेही बघून ठेवा. एसएसडीच्या खोक्यात सहसा ती येत नाही.