तंबूत सीपॅप चालवायचंय, कोणतं पॉवर स्टेशन घ्यावं?

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार मंडळी. १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव बघायला आम्ही घरची नऊ माणसं भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबूत मुक्कामाला जाणार आहोत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. त्यांना स्लीप अ‍ॅप्नियाचा त्रास आहे आणि ते रोज सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावूनच झोपतात. मशीन नसेल त्या रात्री त्यांचा श्वास मध्येच थांबतो, आणि तो परत सुरू होईपर्यंत आई अंथरुणात उठून बसलेली असते. तेव्हा 'एक रात्र नाही लावलं तर काय बिघडतंय' हा सल्ला कृपया देऊ नका.

अण्णा म्हणतात, मी घरी थांबतो, तुम्ही जाऊन या. पण ते जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मृग आणि कृत्तिका आम्हाला त्यांनीच गच्चीवर झोपून दाखवल्या. त्यांना घरी ठेवून मी उल्का बघायला जाणार नाही.

कॅम्पवाल्याकडे वीज म्हणजे सौरदिवे, आणि जनरेटर रात्री ११ ला बंद होतो. म्हणून पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे सोबत नेता येईल अशी मोठ्या बॅटरीची पेटी, घ्यायचं ठरवलंय. बजेट ४० हजारांपर्यंत. इथल्या एका दुकानदाराने सांगितलं, १००० वॉटचं घ्या, सगळं चालतं. ऑनलाइन बघितलं तर एकावर १,६०,००० एमएएच असं लिहिलेलं, वॉटचा पत्ताच नाही. न्यू जर्सीला असलेला दीर म्हणतो, मी डिसेंबरात येतोच आहे, इकडून चांगलं घेऊन येतो. सीपॅपशिवाय नऊ जणांचे फोन, दोन एलईडी दिवे, आणि वहिनींना जमलं तर इंडक्शनवर चहा करायचाय.

आकडे कसे वाचायचे आणि नेमकं किती मोठं घ्यायचं, एवढं कुणीतरी नीट सांगा.

डोंगरवेडा (थेरगाव)

आम्ही रतनगड-हरिश्चंद्रगडला पॉवरबँकवर भागवतो, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. तरीही ४० हजार कशाला घालवता? गाडीच्या लायटर सॉकेटला लावायचा छोटा इन्व्हर्टर दोन-तीन हजारांत मिळतो. गाडी तंबूशेजारी लावा आणि वायर आत घ्या. एका रात्रीचाच तर प्रश्न आहे.

रातकिडा (डोंबिवली)

डोंगरवेडा, गाडीचा उपाय या कामाला मी सुचवणार नाही. लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते, आणि ती इंजिनला स्टार्टर मारण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर तिच्यातून वीज ओढली तर सकाळी गाडी चालू होईलच असं नाही. पहाटे चारला बॅटरी बसली तर अण्णांचं मशीन बंद आणि दवाखान्यात न्यायची गाडीही बंद. दोन्ही एकाच बॅटरीवर ठेवू नयेत.

मी अंबरनाथला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त आहे. दुर्बीण घेऊन वांगणीला आणि पुरुषवाडीला रात्र काढतो. दुर्बिणीची मोटर आणि भिंगावर दव साचू नये म्हणून लावायची गरम पट्टी, दोन्ही १२ व्होल्टवर रात्रभर चालवतो. सीपॅपचं गणितही फार वेगळं नाही.

ताई, दुकानदाराने सांगितलेले १००० वॉट बाजूला ठेवा. एका वेळी किती भार उचलेल, एवढंच त्यातून कळतं. रात्र निघेल का हे वॉट-तासांवर ठरतं. लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. एमएएचचा आकडा व्होल्टेज माहीत असल्याशिवाय निरुपयोगी आहे. तुम्ही पाहिलेले १,६०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) म्हणजे १६० अँपिअर-तास, ते सेलच्या प्रकारानुसार ३.७ व्होल्टने गुणले तर ५९२ वॉट-तास, आणि ३.२ ने गुणले तर ५१२. ज्या पेटीवर वॉट-तास लिहिलेलेच नाहीत ती घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा. पेटी बघायला जाण्याआधी प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर मागवा, हजाराच्या आसपास मिळतो. अण्णांचं मशीन घरी एक रात्र त्यातून चालवा आणि सकाळी युनिट बघा. दुसऱ्या रात्री ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा, पाणी तापवणारा डबा) आणि गरम नळी बंद ठेवून बघा, पण डॉक्टरांना विचारल्यावरच. सीपॅपचा पंखा फार कमी वीज घेतो. वीज जाते ती पाणी आणि नळी तापवण्यात. हा फरक अनेकदा तिपटीच्या वर असतो. पाचशे वॉट-तासांची पेटी घ्यायची की हजाराची, हे या दोन आकड्यांवरून ठरेल.

दुसरी गळती इन्व्हर्टरची. पेटीतली बॅटरी डीसी असते. इन्व्हर्टर तिचं २३० व्होल्ट एसी करतो आणि सीपॅपचा अडॅप्टर त्याचं पुन्हा डीसी करतो. दोन्हीकडे वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तासाला ८-१० वॉट-तास खातो, म्हणजे रात्रीचे ७०-८०. सीपॅपला डीसी केबल मिळत असेल तर ती घ्या आणि पेटीच्या १२ व्होल्टच्या लायटर पोर्टमधून मशीन चालवा. एसीचं बटण रात्रभर बंद.

आता दुकानात सहसा कुणी सांगत नाही ते. बऱ्याच पेट्यांत इको मोड असतो. भार फार कमी झाला की पेटी समजते, कुणी वापरत नाही, आणि आउटपुट बंद करते. ह्युमिडिफायर बंद केलेलं सीपॅप इतकी कमी वीज घेतं की रात्री दोनला असं होऊ शकतं. तो मोड बंद करता येतो का, आणि १२ व्होल्टच्या पोर्टला वेगळा टायमर आहे का, हे पैसे देण्याआधी दुकानातच करून बघा. येत नसेल तर पेटी कितीही चांगली असली तरी तुमच्या उपयोगाची नाही.

सेल एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे घ्या. वजन थोडं जास्त, पाचशे वॉट-तासांना सहा-सात किलो. पण ते दोन-तीन हजार वेळा चार्ज होतात, आणि झोपलेल्या माणसाशेजारी ठेवायला दुसऱ्या लिथियम सेलपेक्षा जास्त सुरक्षित आहेत. १२ व्होल्टचं पोर्ट रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारं) आणि १० अँपिअरचं हवं. एसी लागलंच तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा हवा. सेलची बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी विचारा, आर-ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. (पुढे कधी स्पिती-लडाखला नेलीत तर शून्याखालच्या थंडीत लिथियम चार्ज करायचं नाही, हेही लक्षात असू द्या.)

दिरांना आणू देऊ नका. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी नेता येते, १०० ते १६० ची विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावरची नेताच येत नाही, केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. शिवाय तिकडची पेटी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सीपॅपचा अडॅप्टर बहुधा दोन्ही घेतो, पण घरचा पंखा तिच्यावर चालणार नाही.

आणि चहा गॅसवर. इंडक्शन १५०० वॉटवर दहा मिनिटं चालवलं तर २५० वॉट-तास गेले, पाचशेच्या पेटीची निम्मी वीज. तिचा इन्व्हर्टर एवढा भार बहुतेक उचलणारही नाही. वहिनींना सांगा, त्या रात्री पेटी अण्णांची.

सातारची सिस्टर

मी छातीरोग विभागात काम करते, म्हणून ह्युमिडिफायरबद्दल बोलते. तो बंद केला तर पुष्कळांना नाक-घसा कोरडा पडतो, काहींना अजिबात फरक पडत नाही. अण्णांना काय होतं ते घरीच कळू दे, म्हणून डॉक्टरांना विचारून दोन-तीन रात्री तसं झोपवून बघा. पुष्कळ मशीनमध्ये हीटर बंद ठेवून डब्यात साधं, न तापवलेलं पाणी ठेवता येतं, त्यानेही थोडा ओलावा मिळतो. प्रेशरच्या सेटिंगला मात्र हात लावू नका.

प्रवासात डबा रिकामा करून वेगळा ठेवा. पाणी भरलेलं मशीन गाडीत कलंडलं की पाणी आत मोटरमध्ये जातं. डिस्टिल्ड पाण्याची बाटली सोबत घ्या. थंडीत नळीच्या आत पाण्याचे थेंब जमतात आणि मास्कमध्ये येतात, त्यासाठी नळी पांघरुणाखालून घ्या. मशीन मात्र पांघरुणाबाहेर, हवा आत घ्यायची जाळी मोकळी राहिली पाहिजे.

शेंडीकर

ताई, आमचे तंबू भंडारदऱ्यालाच आहेत, म्हणून इथली परिस्थिती सांगतो. तलावाकाठच्या बऱ्याच जागांवर गाडी तंबूजवळ येत नाही. वर रस्त्याच्या कडेला लावायची आणि खाली चालत यायचं. तेव्हा गाडीची वायर तंबूत घ्यायचा विषयच नाही. तुमच्या कॅम्पवाल्याला आजच फोन करून विचारा.

डिसेंबरात पहाटेपर्यंत तंबूच्या कापडाला आतूनसुद्धा पाणी सुटतं. पेटी जमिनीवर ठेवू नका, स्टूल नाहीतर पाट मागा, कुणीही देईल. आजोबांसाठी खाट मागितली तर तीही मिळते, खाली झोपून उठायला त्रास होतो. आणि शेंडी गावात लाइट असलेली एक खोली धरून ठेवा. आमच्याकडे राहा म्हणून सांगत नाही, कुणाकडेही धरा. गावातली लाइटही जाते कधी कधी, पण पेटी रुसली तर निदान एक आसरा राहतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. शेंडीकर दादा, फोन केला. गाडी खरंच वर लावावी लागणार आहे. खाट सांगून ठेवली, गावातली खोलीही धरली.

रातकिडा काका, मीटर आणला. ह्युमिडिफायर आणि गरम नळीसकट एका रात्रीचं ०.३६ युनिट आलं. डॉक्टरांनी हीटर बंद ठेवायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा ०.११. अण्णांना पहिल्या रात्री घसा कोरडा वाटला. मग सिस्टर म्हणाल्या तसं डब्यात साधं पाणी ठेवलं, आता काही तक्रार नाही. मीटरचे आकडे ते रोज सकाळी स्वतः वहीत उतरवून घेतात आणि नातवंडांकडून गुणाकार करून घेतात.

५१२ वॉट-तासांची एलएफपी पेटी बघून ठेवलीय, बजेटमध्ये बसते. इको मोड बंद होतो, दुकानात करून पाहिलं. अडचण एकच. मशीनवर २४ व्होल्ट, ९० वॉट लिहिलंय आणि पेटीचं पोर्ट १२ व्होल्टचं. दुकानदार म्हणतो, साधी वायर जोडून देतो, चालेल.

रातकिडा

ती वायर घेऊ नका. २४ व्होल्टच्या मशीनला १२ चे २४ करून देणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो मशीन बनवणाऱ्या कंपनीचाच घ्या. महाग वाटेल, पण पिन आणि प्लस-मायनस जुळवायची जबाबदारी दुकानदाराच्या अंदाजावर सोडायची नाही. ९० वॉट म्हणजे १२ व्होल्टला साडेसात अँपिअर, तुमचं १० अँपिअरचं पोर्ट तेवढं सहज देतं. प्रत्यक्षात हीटर बंद असताना दीड अँपिअरही लागणार नाही.

तुमचे आकडे मांडून बघितले. एसीवरून चालवलं तर ५१२ पैकी साधारण ८५ टक्के हाती येतं, म्हणजे ४३५. त्यातले ७०-८० इन्व्हर्टर स्वतः खाणार, उरले ३६० च्या आसपास. ह्युमिडिफायरसकट तुमचा खर्च नेमका तेवढाच आहे, आणि तंबूतल्या थंडीत हीटर घरच्यापेक्षा जास्त वीज घेईल. म्हणजे पहाटेच्या आत पेटी रिकामी. तेच डीसीवरून, हीटर बंद ठेवून चालवलं तर रात्रीचे ११०-१२० वॉट-तास. फोन आणि दिवे धरले तरी पुरेशी वीज शिल्लक राहते. हजाराची पेटी घ्यायची गरज नाही. एका रात्रीसाठी सोलर पॅनलही नको. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात ६०-७० वॉट देतं, आणि झाडाची सावली पडली की तेही नाही.

कन्व्हर्टर आला की घरी एक पूर्ण रात्र पेटीवरच काढा. सकाळी किती टक्के उरले ते अण्णांच्या वहीत लिहा. ७० च्या आसपास उरले तर निर्धास्त जा. फारच कमी उरले तर हीटर चालू राहिलाय का, एसीचं बटण चालू राहिलंय का, ते बघा आणि इथे लिहा.

आता उल्कांचं. मिथुन रास संध्याकाळनंतर पूर्वेला वर येते आणि रात्री दोनच्या सुमारास माथ्यावर असते, उल्का तेव्हा सर्वांत जास्त दिसतात. अण्णांना साडेनऊला झोपू द्या आणि एकला उठवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून पेटीच्या डिस्प्लेवर कापड टाका, पण तिची जाळी झाकू नका. बाहेर आरामखुर्ची, कानटोपी, दोन पांघरुणं. तीनला ते परत झोपायला येतील. मधल्या दोन तासांत मशीन बंद असल्यामुळे पोर्टवर भार जवळपास शून्य असेल. इको मोड बंद केलेला असला तरी मास्क लावण्याआधी पोर्टचा दिवा लागलेला आहे ना हे बघा, आणि मशीनची हवा सुरू झाल्यावरच तंबूची चेन लावा.