मदत हवी आहे: घड्याळ 'फॉरवर्ड' आणि मीटिंग 'फॉरवर्ड' कसं समजावू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, पोरं बहुतेक मराठी मीडियमची, त्यातली बरीच पुण्यात युके नाहीतर अमेरिकेच्या प्रोसेसला (तिकडच्या कंपन्यांचं कॉल सेंटरचं काम) लागतात आणि मार्च आला की शिफ्टच्या मेलमध्ये 'द क्लॉक्स गो फॉरवर्ड' (म्हणजे उन्हाळ्यापुरती तिकडची घड्याळं तासभर पुढे) असलं काहीतरी येतं. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही (महायुद्धात १९४२ ते ४५ भारतातही तासभर पुढे केलेलं, पण ते आता कोणाला आठवतंय), त्यामुळे मुळापासून सांगावं लागतं.

तेवढं जमतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये रात्री १ वाजला की घड्याळ थेट २ वर नेतात, आपला साडेपाच तासांचा फरक साडेचारचा होतो, म्हणजे लंडनला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच असायचे ते आता दीडच, शिफ्ट तासभर अलीकडे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारीच घड्याळ बदलते, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या कॉलची नुसती गडबड.

खरं अडतं ते पुढेच. 'पुट द क्लॉक्स फॉरवर्ड' म्हणजे काटे पुढे करा, हे लगेच कळतं. पण तोच ब्रिटिश क्लायंट 'लेट्स पुट द मीटिंग फॉरवर्ड ॲन अवर' म्हणाला की ४ ची मीटिंग ३ ला होते, आणि आपण मराठीत 'मीटिंग पुढे गेली' म्हणतो तेव्हा ती ५ ला असते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, काटा पुढे जातो तर मीटिंगपण पुढेच जाणार ना?" मला तिचं अगदी पटलं, पण तिला पटेल असं उत्तर काही देता आलं नाही. 'प्रीपोन' (पोस्टपोनच्या उलट, ठरल्याआधी घेणं) सांगितलं असतं, पण ते आपल्याकडे चालतं, तिकडच्या माणसाला कळेलच असं नाही.

तर तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा, ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात घड्याळासाठी 'पुट' जास्त ऐकू येतं की 'गो'? अमेरिकेत 'सेट अहेड' म्हणतात की सरळ 'स्प्रिंग फॉरवर्ड'च, का ते 'स्प्रिंग फॉरवर्ड, फॉल बॅक' (वसंतात पुढे, शरदात मागे) फक्त लक्षात ठेवण्यापुरतं? आणि मीटिंगचं 'फॉरवर्ड' कोणी मराठी मुलांना शिकवलं असेल तर कसं शिकवलं तेही लिहा, या बॅचचे इंटरव्ह्यू तोंडावर आलेत.