आउटबोर्ड मोटरला हायड्रोफॉइल लावावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. मामेभावाची फायबरची लहान बोट नर्मदेच्या इंदिरा सागर जलाशयात, हनुवंतियाच्या बाजूला असते. मागे 25 एचपीची हँडलवाली मोटर. चार माणसं बसली की रेस देताच तोंड आभाळाकडे, समोरचं पाणीच दिसत नाही. प्लेनवर यायला, म्हणजे वेग घेऊन पाण्यावर उचलून घसरत चालायला, फार वेळ लागतो, आणि आल्यावर रेस जरा कमी केली की पिछाडी पुन्हा बसते.

हायड्रोफॉइल म्हणजे प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीला कसायचे पंख. ते पिछाडी उचलतात, बोट लवकर प्लेनवर येते आणि कमी वेगातही टिकते, एवढं मला पटलंय. पण वळणाचं काय? पिछाडी जास्त उचलली गेली तर तोंड पाण्यात रुततं आणि हँडल जड होतं म्हणतात. मागून लाट आली तर बोट भलतीकडे ओढते का? बोटीत घरची पोरंबाळं बसतात, म्हणून हे नीट कळायला हवं.

भाऊ म्हणतो, आधी मोटरची उंची आणि ट्रिमची पिन (मोटरचा कल ठरवणारी) बघू. पट्टी साधारण बोटीच्या बुडाच्या पातळीला हवी, आमची बरीच खाली आहे. मलाही ते योग्य वाटतं. पेट्रोलची टाकी पुढे सरकवल्यावर फरक पडला होता, पण थोडासाच.

ज्यांनी लावलंय त्यांनी सांगा, पूर्ण वेगाला किती फटका बसला? पट्टीला भोकं पाडायची की क्लॅम्पवालं घ्यायचं? एकदा भोकं पाडली की माघार नाही. आणि रिव्हर्स घेताना काही त्रास होतो का?